आईसाठी लावलेली अक्षरं

क्षयाची इंजेक्शनं संपली तेव्हा आईचा खोकला थांबला आणि कानही गेले. काही जणांना त्या औषधाने असं होतं, आता कानाच्या यंत्राचाही उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी ते आईला कागदावर लिहून दाखवलं. ती सातवीपर्यंत शिकलेली. दोनदा वाचलं आणि भाताची पेज काढायला उठली.

आईबाबा सावर्ड्याजवळच्या गावात राहायचे, मी नोकरीसाठी रत्नागिरीत. शनिवारी एसटीने घरी जायचे. बाबांची सगळी नोकरी मुंबईत गेलेली, आई गावीच. म्हातारपणी कुठे दोघं शेजारी बसून संध्याकाळची मालिका बघायला लागले होते, तर आता आई सारखी विचारायची, "काय म्हटलान तिनं?" बाबा हातानेच काही नाही म्हणायचे. हळूहळू तिने विचारणं सोडलं. नुसती पडद्यावरच्या तोंडांकडे बघत बसायची.

रिमोटवर सबटायटलचं बटण होतं. मला वाटलं, ते दाबलं की झालं. दाबलं तर पडद्यावर आलं, 'उपलब्ध नाही'. केबलवाल्याने समजावलं की अक्षरं चॅनेलने कार्यक्रमासोबत पाठवावी लागतात. पाठवलीच नाहीत तर बटण काय दाखवणार? एका हिंदी सिनेमाला ती आली, पण इंग्रजीत. आईने माझ्याकडे बघितलं आणि मी ती बंद केली.

मग ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं की मोबाइलमध्ये ऐकलेलं मराठीत लिहून दाखवायची सोय असते. मी माझा जुना मोबाइल टीव्हीच्या स्पीकरपाशी टेकवून ठेवला, अक्षरं मोठी केली. निम्मी चुकायची. पण सुनेने सासूला दिलेलं उत्तर एकदा जसंच्या तसं उमटलं, आणि कितीतरी महिन्यांनी आई हसली. त्यानंतर ती पडद्याकडे कमी आणि मोबाइलकडे जास्त बघायची.

उन्हाळ्यात बाबांना कावीळ झाली. कावीळ नव्हती ती. यकृतात गाठ होती आणि फार पसरली होती. रिपोर्ट घेऊन मी एकटीच डॉक्टरांना भेटले. बाबांना सूज आहे म्हणून सांगितलं, आईला तेच लिहून दिलं.

दादा मुंबईहून आला त्या संध्याकाळी बाबा आतल्या खोलीत पडले होते. बाहेर आई मालिका बघत होती. दादाने टीव्हीचा आवाज अगदी बारीक केला आणि डॉक्टर नक्की काय म्हणाले ते विचारलं. आईसमोर बोलायची आम्हाला सवयच झाली होती. मी हळू आवाजात सांगितलं की उपाय राहिलेला नाही, गणपतीपर्यंत तरी राहतील की नाही सांगता येत नाही. आईला इतक्यात नको सांगू, असं दादा म्हणाला.

टीव्ही जवळजवळ गप्प होता. मोबाइलने आमचंच ऐकलं.

आई वाकून वाचत होती. कान गेल्यापासून तिला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहिला नव्हता; साधं बोलली तरी शेजारी ऐकू जायचं.

"गणपतीपर्यंत पण नाय?" ती म्हणाली. "एवढं झालंय त्यांना?"

दादाने तिचा हात धरला, तोंडावर बोट ठेवलं. उपयोग नव्हता. आतून खाट वाजली. मग बाबांनी मला हाक मारली. मी आत गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. "तिला हिकडं पाठव," म्हणाले. "आणि तो मोबाइल पण दे."

तेव्हापासून तो त्यांच्या उशाशी राहिला. ते बोलायचे, ती वाचायची. काय बोलायचे ते मी कधी विचारलं नाही. दार ओढलेलं असायचं, पण आईची उत्तरं घरभर ऐकू यायची. "तवा मी रडले नव्हते," असं ती एकदा म्हणाली. "तुमी एसटीत चढल्यावर रडले." नंतर बाबांचा आवाज बसत गेला. त्यांचे ओठ हलायचे आणि मोबाइल कोराच राहायचा. आई तो त्यांच्या तोंडाशी नेऊन धरायची, काच पदराने पुसायची, पुन्हा धरायची.

गणपतीला पंधरवडा असताना ते गेले. शेवटी काहीतरी म्हणाले होते. मी तिथेच होते, मलाही कळलं नाही. तसं लिहून दिलं तर आईला ते खरं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. मी तिच्यापासून लपवते आहे, असंच ती धरून चालते.

तेराव्याला गावच्या बायका ओटीवर, आईला ऐकू येत नाही म्हणून मोकळेपणी बोलत बसल्या होत्या. आई मोबाइल घेऊन आली आणि तो त्यांच्या मधोमध ठेवून बसली. हे काय, असं एकीने मला विचारलं. आपण बोलतो ते यात आईला वाचता येतं, असं मी सांगितलं.

त्यानंतर कोणीच बोललं नाही. आई कोऱ्या काचेकडे बघत बसून राहिली. थोड्या वेळाने एकेक बाई उठून जायला लागली.