एक पट्टी वर

गाणी कुठल्या ॲपवर ऐकायची हे माझ्या वडिलांना ठरवून देण्यात माझे सात रविवार गेले. खामगावहून पिंपळगाव राजाची एस.टी. पकडायची, माहेरी पोचायचं, आणि आईने दिलेलं पाणी घशाखाली उतरायच्या आत गच्चीवरून हाक यायची, "सारिका, वर ये. हे बी बेकार निघालं!"

गच्चीवर अशासाठी, की आमच्या घरात नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीपाशी येतं. टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बाबा बसलेले असत. डोक्याला रुमाल, रुमालावर मोठाले हेडफोन, आणि चेहरा असा की जणू पाणी पिताना पेल्यात केस सापडलाय. हेडफोन माझ्या भावाने, प्रसेनजितने, पुण्याहून पाठवले होते. सोबत मोबाइलला लावायची एक छोटी डबी. फोनवर म्हणाला, "ताई, यातून आवाज एकदम स्टुडिओसारखा येतो. फक्त चांगल्या दर्जाचं ॲप घे. तीन-चार आहेत, पहिला महिना फुकट असतो, बाबांना आवडेल ते ठेव." एवढं बोलून तो मोकळा झाला. पुण्यात बसून असले सल्ले द्यायला काय जातं!

बाबांना आवडेल ते. हे वाक्य ज्याला माझे बाबा माहीत नाहीत तोच बोलू शकतो, आणि प्रसेनजितला तर ते चांगले माहीत आहेत.

बाबांचं, म्हणजे गुलाबरावांचं, गावात कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी आणून द्यायची. बाबा एका मशीनवर मूळ कॅसेट वाजवत आणि दुसऱ्या मशीनवर कोरीत भरून घेत. आसपासच्या दहा-बारा गावांत लग्नात, जयंतीला, नामकरणाला जे वाजायचं ते बाबांच्या मशीनमधून गेलेलं असायचं. लोक त्यांच्या कानाला मानत. बाबा दुसऱ्याचा टेप दोन मिनिटं ऐकून कुठला भाग झिजलाय ते सांगत. विहारातल्या गायन मंडळाची पट्टीही तेच ठरवत. दुकानातली कॅसेट लावायची, पेटीवर सूर धरायचा, आणि तोच सूर कायमचा. पुढे मोबाइल आले, दुकान बंद झालं, मशीनं प्लास्टिकखाली झाकली गेली. पण कान तसाच राहिला, आणि कानाचा तोराही.

त्या तोऱ्यापायी आमच्या आईचं गाणं गेलं. हे इथेच सांगून टाकते, कारण घरात यावर कुणी बोलत नाही.

आई लोणारची. लग्नात तिच्या भावाने तिला एक छोटा टेप आणि एक कॅसेट दिली होती. त्या कॅसेटमधलं एक भीमगीत मंडळ दर जयंतीला शेवटी म्हणतं. शेवटच्या कडव्यात त्याचा सूर एकदम वर चढतो. आई ते घरी भाकरी थापताना इतकं सुरेख म्हणायची की शेजारच्या बाया दाराशी येऊन थांबायच्या. पण विहारात तालमीला पेटी सुरू झाली की ती त्या वरच्या जागेला अडायची. आवाज फाटायचा. मी तेव्हा तिसरीत होते. एके दिवशी सगळ्या मंडळासमोर बाबा म्हणाले, "सिंधू, तुह्यानं नाही होत. मागं बस, टाया वाजव."

आई म्हणाली, "मह्या टेपवर हे गाणं एवढं वर नाही जात."

"तुह्या टेपचा बेल्ट सैल झाला, हळू चालते," बाबा म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले. आईने त्या वर्षी मागे बसून टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षापासून ती तालमीला गेली नाही, आणि भाकरी थापतानाही गायली नाही.

आता ॲपचं ऐका. चांगलं ॲप कुठलं हे ओळखायला बाबांनी तेच भीमगीत निवडलं. जे ॲप ते गाणं नीट वाजवेल तेच घ्यायचं, आणि मंडळातल्या नव्या पोरींनी पुढे त्यावरूनच शिकायचं, असं त्यांनी विहारात जाहीरही करून टाकलं होतं.

पहिलं ॲप लावलं. बाबांनी अर्धं कडवं ऐकलं आणि हेडफोन काढले. "बसलेलं वाटते. गानाऱ्याले ताप आल्यासारखा गाऊन राह्यला."

मी सेटिंगमध्ये शिरले. उत्तम दर्जा हा पर्याय या लोकांनी कुठे लपवून ठेवलेला असतो देव जाणे. तो सापडला, सुरू केला, आणि दुपारपर्यंत दिवसाचा डेटा संपला. पुढच्या रविवारी मी खामगावच्या वायफायवर गाणं उतरवून नेलं. बाबा म्हणाले, "आवाज साफ हाये. ढोलकीवरचं बोट बी ऐकू येते. पण गाणं बसलेलंच हाये."

दुसरं ॲप घेतलं. "हे बी तसंच." तिसरं घेतलं. "हे त्याच्याच मावशीचं." प्रसेनजितने ती डबी बदलून पाठवली, वायर बदलली. बाबांनी माझ्याकडून तिन्ही कंपन्यांना तक्रार लिहून घेतली की तुम्ही गाणं हळू चालवता. तिन्हींकडून उत्तर आलं की आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. माझा अनुभव कुणी विचारला नाही.

सहाव्या रविवारी मी चिडून म्हणाले, "बाबा, तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय?"

"मले काही जास्त नाही पायजे. जसं हाये तसं गाणं पायजे."

सातव्या रविवारी मी मनाशी ठरवूनच गेले, की आज हा विषय संपवायचा. तिन्ही ॲपवर ते गाणं किती लांबीचं आहे ते पाहिलं. सहा मिनिटं बारा सेकंद. तिन्हीकडे तेवढंच. मग बाबांना खाली आणलं, प्लास्टिक काढून मूळ कॅसेट वाजवायचं ते जुनं मशीन ओट्यावर मांडलं आणि त्यांची त्या गाण्याची कॅसेट लावली. मोबाइलवर वेळ मोजली. पाच मिनिटं पन्नास सेकंद.

"पाह्यलं?" बाबा खुशीत आले. "म्या काय सांगत होतो? हळूच चालवतात भामटे!"

"तिघंही? आणि सेकंदाला सेकंद सारखं?"

बाबांनी कॅसेट काढून उलटसुलट पाहिली.

आई तिथेच मेथी निवडत बसली होती. ती उठली, आत जाऊन पत्र्याची ट्रंक उघडली आणि तिची ती लोणारची कॅसेट आणून मोबाइलशेजारी ठेवली. टेप केव्हाच मोडला होता, पण कॅसेटच्या डबीत कंपनीचा छापील कागद होता. बाबांच्या कॅसेटचा कागद फाटून पंचवीस वर्षं झाली असतील. आईच्या कागदावर प्रत्येक गाण्यापुढे वेळ छापली होती. त्या गाण्यापुढे होतं, ६.१२.

बाबांनी कागद हातात घेतला, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग पेचकस मागितला. मशीनचं मागचं झाकण काढून त्यांनी मोटर पाहिली. मोटरला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की वेग कमी-जास्त होतो. मंडळाची पट्टी ठरायच्या आधीच जुनी मोटर जळाली होती, तेव्हा त्यांनी नांदुऱ्याहून नवी आणली होती आणि वेग स्वतःच लावला होता.

"कायच्यावरून लावला होता वेग?" मी विचारलं.

"कानावरून," बाबा म्हणाले.

म्हणजे ते मशीन सगळीच गाणी पळवत होतं. पळवलं की सूर चढतो. पुरी एक पट्टी वर. बाबांनी तेच ऐकलं, तेच दहा-बारा गावांना भरून दिलं, त्यावरूनच विहारातली पेटी लावली, आणि आईचा बरोबर सूर त्या पेटीला चुकीचा वाटला. मला इतका संताप आला की ते मशीन उचलून अंगणात फेकावंसं वाटलं. आणि तिसरीतली मी हसले होते, तेही आठवलं.

बाबांनी हेडफोन पुसले आणि आईपुढे धरले. "घे. ऐक."

आईने ओला हात पदराला पुसून ते कानाला लावले. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, नुसता तिचा चेहरा दिसत होता. सहा मिनिटं ती हलली नाही. शेवटच्या कडव्याला तिची मान जराशी वर झाली, ओठ उघडले, पण आवाज काढला नाही. मग तिने हेडफोन काढून ठेवले.

"इथलोक जात होता मव्हा आवाज," ती म्हणाली. "आता नाही जात."

"सिंधू, तवाच सांगाले पायजे होतं," बाबा म्हणाले.

"सांगतलं होतं."

ती पुन्हा मेथी निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी बाबा तालमीला गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, की माझ्या मशीनची चूक होती, पट्टी एक खाली घ्या. पोरींनी खालून म्हणून पाहिलं. त्यांची पुढारी मंजुश्री म्हणाली, "आजोबा, असं तं ते गाणंच वाटत नाही. जसं हाये तसंच राहू द्या ना." पेटी पुन्हा वर गेली. हे बाबांनीच मला फोनवर सांगितलं, आणि त्यांचा आवाज इतका पडलेला होता की मला रागवायचं होतं ते राहूनच गेलं.

पण तिसऱ्या ॲपचाही फुकटचा महिना त्या दिवशी संपत होता, म्हणून मी विचारलं, "बाबा, मग ॲप कोणतं घेऊ?"

"तुह्या मायले ईचार," ते म्हणाले आणि फोन तिच्याकडे दिला.

मी पुन्हा विचारलं. मागे तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाज आला.

"कोणतंबी घे," आई म्हणाली. "तिन्ही बरोबरच होते."