टिकल्याच्या तोंडाचा वास

लेलेकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला, कोळीवाड्यात आईकडे बोंबील साफ करत बसले होते. लेलेकाकूंचं नाव दिसलं तशी आधी उठून हात धुतले, लिंबू चोळलं आणि मगच फोन घेतला. फोनमधून वास जात नाही हे मलाही कळतं. पण डोंबिवलीत माझ्या दारासमोरच लेलेकाकांचं दार, आणि त्या दारामुळे मला अशा सवयी लागल्या होत्या. "अगं वैशाली, हे झोपेतच गेले..." काकू म्हणाल्या. त्याला आता दीडेक महिना होईल.

काकांचा स्वभाव संशयी होता, हे गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. दूधवाला पाणी घालतो, इस्त्रीवाला सदरे बदलतो, सोसायटीचा सेक्रेटरी पंपाच्या वेळा मुद्दाम चुकवतो, अशी त्यांची खात्री होती. मी शाळेत शिकवते. त्या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा त्यांनी माझं आडनाव विचारलं, जरा थांबले आणि म्हणाले, "म्हणजे मासे करणारच तू." "करणारच," मी म्हटलं. आमची ओळख ही अशी झाली. तरी माझा गॅस संपला की सिलिंडर तेच जोडून द्यायचे आणि मी आजारी पडले की काकूंकडून मऊ भात पाठवायचे. माणूस वाईट नव्हता. म्हणून तर पुढचं सगळं मला इतकं लागलं.

टिकल्या हा त्यांचा कुत्रा. छोटा, पांढरा, कपाळावर काळा ठिपका. दहीभात आणि दूधपोळीवर वाढलेला. तो चारपाच वर्षांचा झाला आणि त्याच्या तोंडाला वास यायला लागला. साधासुधा नाही, जवळ आला की मान फिरवावी असा. काकांनी तपास तिथल्या तिथे पूर्ण केला : घर शाकाहारी, कुत्र्याच्या तोंडाला कुजक्या मासळीचा वास आणि समोर राहते कोळीण. मग रोज संध्याकाळी ते टिकल्याच्या तोंडात नाक खुपसून वास घ्यायचे आणि माझ्या दाराकडे बघायचे. रविवारी मी ठाण्याहून आईने दिलेला डबा घेऊन आले की यांचं दार नेमकं तेव्हाच उघडायचं.

"टिकल्या आज तुझ्याकडे आला होता का गं?"

"नाही आलेला, काका."

"बरं," असं म्हणायचे, पण त्या 'बरं'मध्ये काही बरं नसायचं. मी हे आईला सांगितलं तर ती हसत सुटली. "अगो, मग दे ना त्याला एक तुकरा. नाव झालंच हाय तर खाऊं दे." पण मी हट्टाला पेटले होते. त्या कुत्र्याला मी कधी माशाचा काटासुद्धा दाखवला नाही. मला काकांच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं, 'वैशाली, तू दिलं नव्हतंस.'

मग टिकल्या पोळी चावेनासा झाला. वाटीत रक्ताचा थेंब दिसला. काका जिन्यात मला अडवून म्हणाले, "काटा टोचलाय त्याला. काटा आमच्या घरात येणार कुठून?" मी वर गेले आणि दार लावून रडले. दुसऱ्या दिवशी ठाण्यात, माजिवड्याच्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलं, तेव्हा काकांनी मलाही चलायला सांगितलं. साक्षीदार म्हणून की आरोपी म्हणून, ते सांगितलं नाही. मीही मुद्दाम गेले.

डॉक्टरीणबाईंनी टिकल्याचा ओठ वर केला. हिरड्या लालभडक, सुजलेल्या. दातांवर पिवळट कीटण चढलेलं, मागची एक दाढ हलत होती.

"काटा दिसतोय का?" काकांनी विचारलं.

"काटा नाही. हे जंतूंचं काम आहे. दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो, तो काढला नाही तर कडक होतो. मग जंतू हिरडीच्या खाली शिरतात. तिथे हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय वाढणारे जंतू तिथे माजतात. वास त्यांचाच. त्यांच्याशी लढता लढता हिरडी सुजते, दाताखालचं हाड झिजतं."

"पण हे आणले कोणी?"

"कोणीच नाही. जंतू सगळ्याच कुत्र्यांच्या तोंडात असतात. तुम्ही याचे दात कधी घासलेत?"

काकांचा विश्वास बसेना. दाढ काढायला लागेल म्हटल्यावर तर त्यांना बाईंचाच संशय यायला लागला. बाईंनी शांतपणे हिरडीच्या कडेची घाण काचेवर घेतली आणि त्यांना सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. काका बराच वेळ वाकून बघत राहिले. "हलतायत की हो..." ते म्हणाले. "हे आमच्या घरचे?"

"घरचेच," बाई म्हणाल्या.

परतताना गाडीत मी त्या एका वाक्याची वाट बघत होते. काका खिडकीबाहेर बघत होते. शीळफाटा मागे पडल्यावर घसा खाकरून म्हणाले, "पण मासे खाल्ल्याने जंतू वाढत नाहीत, असं काही त्या म्हणाल्या नाहीत."

टिकल्याला भूल देऊन दात साफ केले, हलणारी आणि तिच्या शेजारची अशा दोन दाढा काढल्या. वास गेला. पुढे काकांनी आपला सगळा संशय जंतूंवर रोखला. रोज संध्याकाळी एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात छोटा ब्रश. बंद दारातून मला ऐकू यायचं, "आ कर... मागे लपलेत बघ लेकाचे." कुत्र्यांची पेस्ट आणली तीसुद्धा आधी स्वतः चाखून. मला एकदा सांज्याच्या पोळ्या आणून दिल्या, तर मी त्या उलटसुलट करून बघितल्या. ही माफी होती की नवीन तपासणी? एवढ्या वर्षांच्या शेजाराने मीही त्यांच्यासारखीच झाले होते.

तेराव्यानंतर काकू लेकीकडे पुण्याला जायला निघाल्या. टिकल्याची दोरी त्यांनी माझ्या हातात दिली. "हे नेहमी सांगायचे, माझं काही बरंवाईट झालं तर याला वैशालीकडे द्या."

मला भरून आलं. "आणि काय म्हणाले होते?"

काकू जरा घुटमळल्या. "म्हणाले, तिच्याकडे त्याला आवडीचं खायला मिळेल."

म्हणजे शेवटपर्यंत! गेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण मला आला. जीव लावलेलं जनावर विश्वासाने माझ्या हाती दिलं आणि आरोप मात्र मागे घेतला नाही... त्या रात्री मी जेवलेही नाही.

आता रोज संध्याकाळी टिकल्या स्वतःच येऊन समोर बसतो आणि ओठ वर करू देतो. मी काकांच्या बॅटरीने मागच्या दाढांपर्यंत बघते, घासते. गेल्या रविवारी मात्र मी ठरवलं, नाव झालंच आहे तर होऊ दे. सुरमईची तुकडी नुसत्या पाण्यात उकडली, एकेक काटा काढला, थंड केली आणि त्याच्या वाटीत घातली. टिकल्याने वाकून वास घेतला. शिंकला. दोन पावलं मागे सरला आणि हे काय म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी वाटी पुढे सरकवली, तर उठून दहीभाताच्या पातेल्यापाशी जाऊन बसला.

मी दार उघडलं. समोर कुलूप होतं. तरी त्या दाराला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "काका, बाहेर या. बघा ना, याला मासा माहीतच नाही हो!"