मंगळवार-शुक्रवारचे साहेब

खामगावच्या दवाखान्यात आईच्या पहिल्या डायलिसिसच्या आधी माझ्यापुढे एक छापील कागद आला. मी पेन काढलं आणि सही करायला वाकलो, तेवढ्यात बाकावर शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थानं त्या कागदावर सरळ आपला पंजा ठेवला.

"वाचला का?"

"डॉक्टरांनी सगळं सांगितलंय."

"सांगितलं ते आयकलं तुम्ही. वाचला का?"

मी चिडलो. आत आईला धाप लागलेली, आणि हा अनोळखी माणूस हात हलवायला तयार नाही. शेवटी वाचला. आईच्या नावापुढे रक्तगट चुकीचा पडला होता. त्यांनी नर्सला हाक मारली, तो दुरुस्त करून घेतला, मला म्हणाले, "आता करा सही," आणि पुन्हा भिंतीला टेकून बसले. जणू काही घडलंच नव्हतं.

ते दिगंबरराव. जळगाव जामोदला राहायचे. एका सरकारी कार्यालयातून लेखापाल म्हणून निवृत्त झालेले. मी विचारलं, "काका, तुमचा पेशंट कोणता?" ते म्हणाले, "माह्या घरचा कोनी नाही." मला ते विचित्रच वाटलं.

आमचा भाग सातपुड्याच्या पायथ्याखालचा. जमीन काळीभोर, पण जमिनीखालचं पाणी खारं. आमच्याकडे 'अमक्याची किडनी गेली' हे 'अमक्याची बदली झाली' इतक्या सहज बोललं जातं. मी गावातल्याच शाळेत मास्तर. आठवड्यातून दोनदा आईला खामगावला नेणं माझ्या रजांमध्ये बसेना. दुसऱ्याच आठवड्यात दिगंबरराव म्हणाले, "मास्तर, तुम्ही शाळा करा. वहिनीले स्टँडवर आणून सोडत जा फक्त."

मंगळवार आणि शुक्रवार. पहिल्या बसनं सहा-सात पेशंट जायचे. बस लागायच्या आधीच दिगंबरराव हजर असायचे. खिडकीतून हात घालून एकेका सीटवर रुमाल टाकायचे. पुढच्या सीटा, कारण मागे धक्के बसतात आणि डायलिसिससाठी हातात जोडलेल्या नसेला, फिस्टुलाला, त्रास होतो. कंडक्टर कुरकुरला की त्याला म्हणायचे, "तू तिकीट फाड भाऊ, बसवाचं मी पायतो." निघण्याआधी दवाखान्यात फोन करून मशीन चालू आहे ना, विचारून घ्यायचे. पेशंटांच्या गोळ्यांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं भिंग लावून मोठ्यानं वाचून दाखवायचे. आई मला म्हणायची, "साहेब त बसच्या तिकिटावरचंबी वाचते रे!"

डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. वैशाखातल्या परतीच्या बसमध्ये आई गयावया करायची, "साहेब, एक घोट द्या हो. कोनाले सांगत नाही मी." ते पिशवीतून लिमलेटची गोळी काढून तिच्या हातावर ठेवायचे. पुष्कळ दिवसांनी आमच्या लक्षात आलं, की सकाळपासून शेवटचा पेशंट घरी पोचेपर्यंत ते स्वतःही पाण्याला तोंड लावत नसत. मी एकदा बोललो, तर म्हणाले, "मले तहान कमीच लागते." त्यांचे ओठ फुटलेले होते.

नोकरीबद्दल ते अभिमानानं बोलत. कारकून म्हणून बुलढाण्यात लागले, मग चिखली, अमडापूर असं जिल्हाभर फिरत लेखापाल झाले. स्वतःचा चहा थर्मासमध्ये घरून न्यायचे, ठेकेदाराचा कधी घेतला नाही. "फाइलचा एक कागद कमी असला का ती लंगडते, मास्तर. लंगडी फाइल माह्या टेबलावरून कधी पुढं गेली नाही." त्यांनी पास केलेल्या बिलावर ऑडिटचा आक्षेप आला नाही, असं त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनीही मला सांगितलं. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ मिळाला, भाषणं झाली. फक्त त्यांचंच भाषण झालं नाही. ते उभे राहिले, "मले काही बोलाचं नाही," म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, गळा दाटला असेल.

चौथ्या वर्षी, एका शुक्रवारी, परतीची बस नांदुऱ्याच्या पुढं बंद पडली. त्या दिवशी मीही सोबत होतो. आम्ही सगळे एका निंबाखाली बसलो. समोर शेतात एक हातपंप होता, लाल रंगानं रंगवलेला. त्याकडे बघून आई बोलायला लागली.

"आमच्या दारापुढचा पंप बसला तवा म्याच हळदी-कुकू वाह्यलं होतं त्याले. नारळ म्या फोडला. त्याच्या आधी नदीवरून पानी आनो आमी, डोकशावर. पंपाचं गोड नोहतं लागत, पन जवळ होतं ना. सासू म्हने, सुभद्रे, आता तुह्या मानीचं दुखनं गेलं."

दिगंबरराव चष्मा काढून म्हणाले, "वहिनी, त्या पंपाचं बिल मी पास केलं होतं."

आईला आधी त्यात काही वावगं वाटलं नाही. "बरं झालं ना मंग," म्हणाली.

"बिलासोबत पान्याचा तपासनी अहवाल लागत होता. तो लागला हाय का, एवढंच मी पाह्यलं. लागला होता. खूण केली, सही केली. त्या अहवालात काय लिहेल हाय ते नाही वाचलं. पिन्यास अयोग्य, असं लिहेल होतं."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो दूर जाईपर्यंत ते थांबले.

"रिटायर व्हाच्या आधी जुन्या फाइली सोपवून देत होतो. तवा उघडून पाह्यली. एक नाही, अशा लय होत्या. वर लेखी कळवलं मी. प्रकरण जुनं हाय, म्हने."

मी म्हणालो, "काका, पाणी हेच कारण असं डॉक्टरसुद्धा ठामपणे सांगत नाहीत."

"मलेबी तेच सांगतात ते. पन मी वाचलं नोहतं, हे त खरं हाय ना, मास्तर?"

आई त्यांच्याकडे एकटक बघत होती. "किती वर्सं झाले तुमाले मालूम होऊन?"

"सात."

"अन् माह्या बाजूले बसून राह्यले तुमी चार वर्सं. गोया देऊन राह्यले." ती उठली. मी हात पुढे केला, तो तिनं झिडकारला. निंबाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसली.

त्यानंतर आई त्यांच्याशी बोलली नाही. मंगळवारी ते स्टँडवर होतेच, तिच्या सीटवर रुमाल होता. तिनं रुमाल उचलून बाजूला ठेवला आणि बसली. पुढचे आठ महिने हेच चाललं. ते गोळी पुढे करायचे, ती खिडकीबाहेर बघायची. मी दुसरी व्यवस्था करायची म्हणालो, तर माझ्यावरच खेकसली, "काऊन? त्याईले येऊ दे. रोज येऊ दे." त्या वाक्यात राग किती होता आणि दुसरं काही होतं का, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. दिगंबरराव मात्र एकदाही चुकले नाहीत. त्या काळात ते वाळत गेले. एकदा मी त्यांना म्हटलं, "आईचा स्वभाव तसा कडकच आहे." ते म्हणाले, "तिच्या जागी मी असतो त बसमधी चढूच देलं नसतं."

हिवाळ्यात आईनं सांगितलं, आता पुरे. तिच्या हाताच्या नसा संपल्या होत्या, हृदय थकलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी ओढत नेता येईल, पण यातना वाढतील. मी हट्टाला पेटलो, बायकोनं समजावलं, मामा आला, भांडणं झाली. आई आपल्या जागी ठाम. आठवड्याभरातच ती अंथरुणाला खिळली. एका सकाळी म्हणाली, "साहेबाले बलाव."

ते आले. दाराशीच उभे राहिले. आईनं डोळ्यांनी खाटेजवळ बोलावलं. म्हणाली, "पानी द्या. गिलास भरून द्या. तुमच्या हातानं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता मोजमापाला काही अर्थ राहिला नव्हता. मी मान हलवली. आम्ही विकत आणत असलेल्या पाण्याच्या जारमधून त्यांनी ग्लास भरला. तिची मान उचलून तो तिच्या ओठांशी धरला. आईनं घोट घोट करत सगळं संपवलं. डोळे मिटून म्हणाली, "अजून."

दुसरा ग्लास त्यांनी दिला. तोही ती प्यायली. मग तिनं त्यांना जायची खूण केली. ते अंगणात गेले आणि गोठ्याच्या भिंतीला कपाळ टेकून कितीतरी वेळ उभे राहिले. तिसऱ्या दिवशी आई गेली.

त्यानंतर आलेल्या पहिल्याच मंगळवारी ते पुन्हा बसमध्ये होते. आईच्या सीटवर पळशीचा एक तरुण शेतमजूर बसायला लागला होता. मी भेटलो तेव्हा ते त्याला फिस्टुलाचा कागद वाचून दाखवत होते, आणि तो ऐकत नाही म्हणून रागावत होते.

गेल्या उन्हाळ्यात, एका सोमवारी संध्याकाळी, घरीच त्यांचं हृदय बंद पडलं. मंगळवारी दुपारी अंत्यविधी झाला. जुने सहकारी आले, शेजारी आले, मुलगा पुण्याहून आला. वडिलांनी निवृत्तीनंतर काय केलं हे त्याला ऐकूनच माहीत होतं. सगळं आटोपल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, बाबा ज्यांच्यासाठी एवढे फिरले, त्यातलं कोणीच कसं आलं नाही?"

मी त्याला सांगितलं, की आज त्यांचा डायलिसिसचा वार आहे. सकाळी स्टँडवर जागा धरायला कोणी नव्हतं, म्हणून मी गेलो होतो. सातही जण बसमध्ये चढले होते. त्यातल्या एका बाईनं बस सुटता सुटता उतरायचा हट्ट धरला, साहेबाचं तोंड पाहून येतो म्हणाली. बाकीच्यांनी तिला दंडाला धरून पुन्हा सीटवर बसवलं. पळशीचा तो मजूर तिला म्हणाला, "मावशे, आज चुकली त उद्या तुलेबी न्या लागीन."

मग सगळे रडत खामगावला गेले.