बंद लाइनीवरचे लाल झेंडे

ती घटना मी विसरलेलो नाही. विसरता आली असती तर बरं झालं असतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, ते सगळे कागदात बंद झाले. ही साधी भंगारचोरी होती आणि तीच मनात राहिली.

कराड आणि सांगली यांच्या मधल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या कामाचा एक जुना कारखाना होता. भट्टी कोळशावर चालायची, आणि कोळसा यायला स्टेशनापासून कारखान्यापर्यंत चार किलोमीटरची खासगी लाइन होती. पुढे मुख्य रेल्वेमार्ग रुंद झाला, हा फाटा मात्र अरुंदच राहिला. मग स्टेशनात कोळसा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात पाट्यांनी टाकावा लागे. मालकांनी काही वर्षं तो व्याप सोसला, मग ट्रक लावले आणि शेवटी भट्टीही विझली. रूळ उसाच्या शेतांमधून तसेच पडून राहिले.

मलकापूरजवळच्या एका चहावाल्याने खबर दिली, की महामार्गालगतच्या भंगाराच्या गोदामात जुने रूळ उतरतायत. गोदामावर छापा टाकला, रूळ ताब्यात घेतले आणि दुसऱ्या दिवशी पंच घेऊन लाइनीवर गेलो. तीनेकशे मीटर रूळ गायब होते. गॅसने कापल्याची खूण नव्हती. प्रत्येक सांध्याचे नट पान्याने सोडवले होते. इतक्या वर्षांत ते गंजून जाम व्हायला हवे होते, पण त्यांना ग्रीस होतं, आणि ते जुनं वाटत नव्हतं. जिथून रूळ गेले होते त्या दोन्ही टोकांना काठ्यांवर लाल कापड ताणलेलं होतं. ट्रकवाल्याला जागा कळावी म्हणून लावलं असेल, असं मी गृहीत धरलं. पंचनाम्यात लिहून घेतलं, ‘लाल कापड, काठ्यांसह, दोन नग.’

ग्रीस कोण लावतो, असं गावात विचारल्यावर एकच उत्तर आलं. त्या लाइनीवर पूर्वी एक कीमन होता, म्हणजे रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत रोज रुळांवरून चालणारा माणूस. आता सत्तरीच्या पुढे गेला होता. दसरा झाला की सांधे सोडवून ग्रीस घालायचं, हे त्याचं नोकरीतलं काम. लाइन बंद पडली, पगार बंद झाला, तरी तो दरवर्षी ते पदरमोड करून करत राहिला. लाइन पुन्हा सुरू होणार, असं त्याला वाटायचं, आणि गाव हसायचं. पाना त्याच्या घरात भिंतीला टांगलेला होता. रूळ तुम्ही काढले का, असं विचारल्यावर तो सरळ हो म्हणाला.

आरोपी सापडला होता. साथीदारांची नावं तेवढी हवी होती, आणि तो जीपमधून आलेल्या कुणा साहेबांशिवाय दुसरं काही सांगेना. माझ्या हवालदाराने त्याच्या कानाखाली वाजवली. मी खिडकीकडे पाहत राहिलो. म्हाताऱ्याने पटका सारखा केला आणि पुन्हा तेच सांगितलं. जीपमधून साहेब आले, शिक्क्याचा कागद दाखवला, लाइन रुंद होणार म्हणाले. जुने सांधे तुमच्याशिवाय कोण सोडवणार, असंही म्हणाले. त्याने दोन दिवस, भर उन्हात, मजुरांना दाखवत स्वतःच्या हाताने रूळ सोडवून दिले.

शेवटी मी सहज विचारलं, ते लाल कापड कशाला?

“रूळ काढायच्या आधी दोनी अंगाला लाल झेंडा लावायचा, साहेब. त्याबिगर पान्याला हात लावायचा न्हाई.”

“अहो, पण तिथं गाडी येतेच कुठं?”

“येत न्हाई म्हनून रूळ उघडा टाकायचा व्हय?”

हवालदार हसला. माझं मात्र हसू गेलं. चोरी करणारा माणूस जागा लपवतो. याने साऱ्या गावाला दिसेल असा झेंडा लावला होता, कारण त्याच्या लेखी ते रेल्वेचं काम होतं. हे मला पंचनाम्याच्या दिवशीच कळायला हवं होतं.

गोदामवाल्याला दरडावल्यावर जीपवाल्याचं नाव निघालं. तो तालुक्यातल्या एका वजनदार पुढाऱ्याचा मेहुणा होता. मी अहवाल तयार केला आणि त्याच संध्याकाळी वरून फोन आला. मुद्देमाल आहे, आरोपी आहे, त्याने रूळ काढल्याचं कबूल केलंय, आता आणखी काय उकरताय? माझ्या निवृत्तीला दीड वर्ष होतं, मुलगी बारावीला होती. ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. आज ती लिहितानाही लाज वाटते. दोषारोपपत्र म्हाताऱ्यावर आणि दोन मजुरांवर गेलं. जीपवाला सरकारी साक्षीदार झाला. खाली सही माझी होती.

खटला पाच वर्षं चालला. गावात त्याला रूळचोर म्हणू लागले. मुलगा फौजेत होता, तो सुट्टीवर आला की घरी न थांबता सासुरवाडीला जायचा. साक्षीला मी निवृत्त होऊन गेलो. बचावाच्या वकिलाने विचारलं, चोर आपल्या चोरीला झेंडा लावतो का? मी नाही म्हणालो. या प्रकरणात मी खरं बोललो ते एवढंच, तेही नोकरी गमावायची भीती उरली नव्हती तेव्हा. तो निर्दोष सुटला. जीपवाल्याला कोणी हात लावला नाही.

मुद्देमाल परत मिळायच्या दिवशी मी मुद्दाम कोर्टात गेलो. कारकुनाने पाना आणि ते दोन झेंडे त्याच्या हातात दिले. मी पुढे होऊन म्हणालो, तात्या, माझं चुकलं. त्याने पाना पिशवीत टाकला आणि झेंडे माझ्यापुढे धरले.

“ह्ये ऱ्हाऊ द्यात तुमच्याकडं. माजी लाइन तर गेली. तुमाला कुटं उघडं दिसलं, तर तवा तरी लावा.”

पुरावा शोधायला पोलिसाला डोकं लागतं, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पुरावा मला पंचनाम्याच्या दिवशीच मिळाला होता, मी त्याला नग म्हणून लिहिलं. आणि तो कळल्यावर जे लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. झेंडे माझ्या कपाटात आहेत. ते लावायची माझी जागा होती ठाण्यातली खुर्ची, आणि ती मी सोडून आलो.