केरू ढेब्यांची गुरं

सयाजी उतेकर एसटीच्या महाड आगारात एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाले त्याच वर्षी मुलगी ओवी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचा बंद पडलेला गेमिंग कन्सोल घरीच राहिला. सयाजींनी तो उघडला, आणखी बिघडवला, व्हिडिओ बघून पुन्हा जोडला आणि चालू केला. तेवढ्यावर न थांबता त्यांनी बाजारपेठेत गाळा घेतला. खेड, माणगावहून मुलं कन्सोल घेऊन येऊ लागली. कुणाला बटण बदलून हवं असे, कुणाला कन्सोल मॉड करून, म्हणजे कंपनीने घातलेलं कुलूप काढून त्यावर आपल्या मर्जीची सिस्टिम चढवून.

त्यांचा एक नेम होता. स्क्रूला हात लावायच्या आधी कन्सोलच्या आतल्या मेमरीची आणि कार्डाची पूर्ण प्रत काढायची. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणत, "प्रत्येकाची सिस्टिम वेगळी. याची त्याला चालत नाही. उद्या हा मेला तर याची स्वतःचीच प्रत याला उठवेल." दोन हजार एकवीसच्या पुरात गाळ्यात डोक्यावर पाणी आलं, तेव्हा कन्सोल गेले आणि प्रतीही गेल्या. त्यानंतर त्यांनी त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली आणि प्रत्येक प्रतीची आणखी एक प्रत बहिणीकडे ठेवायला सुरुवात केली. सरोजताईंचं घर चढावर होतं, तिथवर सावित्री नदीचं पाणी कधी आलं नव्हतं.

गेल्या भाद्रपदात दुकानातली डिस्क भरली. एक वर्षाहून जुन्या प्रती पुसायच्या असं सयाजींनी ठरवलं आणि सोमवारी निम्म्या पुसल्याही. मंगळवारी सकाळी पोलादपूरहून पूनम ढेबे आली. ती तिथे एका सरकारी कार्यालयात लिपिक होती.

"काका, चालूच होत नाही. नुसता काळा पडदा," तिने कन्सोल टेबलावर ठेवला.

सयाजींनी त्यातलं कार्ड काढून संगणकाला लावलं. बराच वेळ तपासणी चालली.

"हे कार्ड कुठून घेतलं?"

"माझ्या भावाने. स्वराज मुंबईला असतो. गणपतीत आला तेव्हा म्हणाला, जुनं कार्ड लहान पडतंय. सगळं यात टाकलं आणि जुनं पुसून मोबाईलला लावलं."

"बनावट आहे. यावर पाचशे बारा जीबी छापलंय. आत जागा बत्तीसचीच. बत्तीस भरल्यावर पुढचं जे लिहिलं, ते कुठेच लिहिलं गेलं नाही."

पूनम म्हणाली, "बाकीचे गेम गेले तर जाऊ द्यात. बाबांची गुरं तेवढी येतील का?"

मग तिने सांगितलं. तिचे वडील केरू ढेबे पोलादपूरच्या वर, डोंगरावरच्या वाडीत गुरं राखायचे. दोन वर्षांपूर्वी पायवाटेवर घसरून खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण डोंगर चढणं संपलं. सात म्हशी आणि चार गाई पुतण्याला देऊन ते लेकीकडे उतरले. पहिले चार महिने कुणाशी बोलले नाहीत. स्वराजने कन्सोल आणला, त्यात शेतीचा एक खेळ होता. गोठा बांधायचा, वैरण करायची, दूध काढायचं. केरूंनी तो एकदा बघितला, दुसऱ्या दिवशी मागून घेतला. यात म्हशी का नाहीत, म्हणून तेवढे चिडले. गाईंना मात्र त्यांनी आपल्याच गुरांची नावं दिली.

"पूर्वी हा माझ्याकडे आला होता का?" सयाजींनी विचारलं.

"गेल्या वर्षी उन्हाळ्यात. स्वराजने बटण बदलून नेलं होतं."

सयाजींनी कन्सोलच्या मागचा नंबर वाचला, यादी उघडली. नंबर यादीत होता, प्रत नव्हती.

"काल मीच पुसली," ते म्हणाले.

सयाजींनी कुलूप लावलं, तिला जिन्यातच थांबवून चढावर गेले. सरोजताई दारात डाळ निवडत होत्या. "आत्ता रे कसा?" त्यांनी विचारलं, पण सयाजी सरळ कपाटाकडे गेले. तिथली डिस्क अजून पुसायची राहिली होती. नंबर सापडला. प्रत सोळा महिन्यांपूर्वीची होती.

नवीन, तपासून घेतलेल्या कार्डावर ती चढवायला दुपार गेली. गुरुवारी पूनम वडिलांना घेऊन आली. केरू काठी टेकत दोन जिने चढले आणि खुर्चीत बसून आधी दम खाल्ला. मग पडद्याकडे वाकले.

"गुरांचा वाडा कुठं गेला? नवा बांधला व्हता मी."

"बाबा, हे जुनं आहे. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातलं. त्यानंतरचं नाही मिळालं," पूनम म्हणाली.

"म्हंजे नंतरची दोन्ही वासरं नाय?"

"नाही."

केरूंनी बटणं दाबत एकेक गाय पाहिली. एका ठिपक्याठिपक्याच्या गाईपाशी थांबले.

"ही कबरी. हिला त मी इकली व्हती." ते सयाजींकडे वळले. "मिस्त्री, पुन्ना इकावी लागंल काय?"

"तसा नियम नाही. तुमच्या मनावर आहे."

"मंग ऱ्हाऊ दे." थोड्या वेळाने ते म्हणाले, "खरी कबरी त पुतण्याकडंच हाय. दूध कमी देते म्हनतो." एवढं बोलून ते वैरण घालायला लागले. पूनम खिडकीबाहेर बघत राहिली.

सयाजींनी तिला घरच्या घरी प्रत कशी काढायची ते शिकवलं. दर रविवारी एक, आणि जुन्या दोन राखून तिसरी पुसायची. तिने ते कागदावर लिहून घेतलं. पुसलेल्या प्रतीबद्दल सयाजी तिची माफी मागायला गेले, तर ती म्हणाली, "काका, दुसरी होती ना."

दिवाळीच्या आधी त्यांनी मोठी डिस्क आणली. आता पुसण्याआधी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करतात. निम्मे लोक फोन उचलत नाहीत, काहींना कन्सोलच आठवत नाही. पोलादपूरला त्यांनी केला तेव्हा केरूंनीच उचलला.

"प्रत ठेवू का पुसू?" सयाजींनी विचारलं.

"थांबा, हातात कबरीचं दूध काढायचं काम हाय," केरू म्हणाले आणि फोन बाजूला ठेवला.