स्वभावात नव्हे, आतड्यात

फोन शाळेच्या ऑफिसात आला, सहामाहीचे पेपर चालू असताना. जुबेदाचा धाकटा भाऊ अश्फाक बोलत होता. "बाई, आपा गेली. कोल्हापूरला नेत होतो... आंबा घाटातच गेली." मी रिसीव्हर खाली ठेवला. रडू आलं नाही, संताप आला. दीड महिना झाला, तो अजून उतरलेला नाही.

जुबेदा आमच्या रत्नागिरीच्या शाळेत विज्ञान शिकवायची, मी मराठी. ती राजिवड्याची, वडील जहाजावर नोकरीला होते. बाजारातून बांगडा आणून भर वर्गात त्याचं पोट उघडून दाखवायची. नाकाला रुमाल लावणाऱ्या मुलांना म्हणायची, "घरी तळलेला चालतो ना? मग आतून कसा असतो तोही बघा!" १९९८ साली तिचं पोट दुखायला लागलं. जुलाब, ताप, वजन उतरत चाललेलं. इथल्या एका डॉक्टरांनी आतड्याचा टीबी सांगून गोळ्या सुरू केल्या. टीबी आणि तिचा खरा आजार वरून सारखे दिसतात, हे मला पुढे कळलं, त्यामुळे ती चूक मी समजू शकते. पण नऊ महिने गोळ्या खाऊनही बाई वाळतच चालली, तेव्हा पुन्हा तपासायला नको? ते म्हणाले, "टेन्शन घेता तुम्ही. लग्न करा, सगळं ठीक होईल." स्टाफरूममध्ये तोवर तिचा कप वेगळा खिडकीत ठेवलेला होता. कुणी ठेवला, माहीत नाही. मी तो रोज बघत होते आणि गप्प होते. हा राग माझा माझ्यावरच आहे, तो कुणाला देऊ?

अखेर २००१ मध्ये मुंबईला दुर्बिणीतून तपासणी झाली आणि क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या जुनाट आजाराचं, निदान झालं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तिचा चेहरा सुजला, तर लोक म्हणाले, मुंबईचं पाणी मानवलं वाटतं. ती हसली नाही. शाळा सुटल्यावर सायबर कॅफेत जाऊन बसायला लागली, परदेशातल्या संशोधकांना पत्रं लिहून त्यांचे लेख मागवू लागली. एका शनिवारी माझ्यासमोर कागद पसरून म्हणाली, "हे बघ. आतड्याच्या आतल्या थरात बारीक खळगे असतात. त्यांच्या तळाच्या पेशी जंतू मारणारी छोटी छोटी प्रथिनं सोडतात. आपलं घरचंच अँटिबायोटिक! काही जणांना वाटतं, माझ्यासारख्यांत ती कमी पडतात. मग जंतू थेट आतड्याच्या भिंतीशी येतात आणि शरीर सूज आणून झगडत बसतं."

"मग त्यावर औषध?" मी विचारलं.

"अजून नाही. प्रथिनं कमी पडतात म्हणून सूज येते की सुजेमुळे ती कमी होतात, हेही नक्की नाही." मग कागद नीट गोळा करत ती हळूच म्हणाली, "पण दुखणं माझ्या स्वभावात नाही, एवढं तरी झालं ना. आतड्यात आहे."

सात वर्षं तिला हेच सिद्ध करत राहावं लागलं. जेवण तिखट खाते, हट्टी आहे, एकटी राहते, फार विचार करते... ज्याला जे सुचेल ते त्याने तिच्या पोटदुखीला चिकटवलं. शेवटच्या आठवड्यातही तेच झालं. पोट फुगलं, हात लावू देईना. मिरजोळ्याच्या कारखान्यातून अश्फाक धावत आला आणि तिला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेला. ती डॉक्टरांना सांगत होती, "हे नेहमीचं दुखणं नाही. फोटो काढा, आतडं फुटलं असेल." डॉक्टर म्हणाले, "तुम्ही शिक्षक लोक फार वाचता." इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दोन दिवसांनी फोटो काढला, तेव्हा आतडं खरंच फुटलेलं होतं. स्वतःचं निदान तिने बरोबर केलं होतं आणि ते ऐकायला कुणी नव्हतं.

शोकसभेत मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडमची प्रकृती मुळातच नाजूक." मला उठून ओरडायचं होतं. नऊ महिने चुकीच्या गोळ्या पचवून रोज सहा तास उभी राहणारी बाई नाजूक? पण त्या दिवशीही मी खालीच बसून राहिले.

परवा काही कामाने प्रयोगशाळेत गेले. भिंतीवर पचनसंस्थेचा जुना तक्ता आहे. लहान आतड्याच्या शेवटच्या वळणावर जुबेदाने पेन्सिलीने बारीक ठिपके काढलेत, बाजूला लिहिलंय, "इथल्या पेशी जंतू मारतात." तिच्या जागी आलेले तरुण सर खोडरबर घेऊन उभे होते. "बाई, हे अभ्यासक्रमात नाही. खोडून टाकतोय."

"हात लावायचा नाही त्याला!" माझा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. ते गोंधळून मागे सरले. मी खुर्ची ओढली, त्यांना समोर बसायला सांगितलं, आणि मराठीची बाई असून ते ठिपके कशाचे आहेत, हे पहिल्यापासून समजावून सांगायला लागले.