लसणाचं हेल्मेट

चैत्रातली दुपार. पंखा फिरतो आहे, पण वारा देत नाही. मी ओसरीवर आडवी आहे. आत ऋतुजा, माझी लेक, डेअरीवर जायची तयारी करते आहे. तिच्या बांगड्या ऐकू येतात, मग लांब जातात, मग त्या बांगड्या राहत नाहीत, कुणीतरी गाडीला किक मारत असतं.

दुसऱ्याच किकेला सुरू होते. अशी गाडी सुरू करणारा माणूस आमच्या घरात एकच होता.

"बस," ते म्हणतात. "पदर आवर. चाकात जाईल."

गेल्या फाल्गुनात गेलेले माझे मालक. मी मागे बसते. पदर कमरेला खोचून घेते.

रस्त्याकडेला पळस पेटलेले. पुढे उसाची ट्रॉली. ते अंतर राखून चालवतात. "ट्रॉलीच्या मागं चिकटायचं नाही. मोळी सुटली की आपण खाली." जिवंतपणी गावातल्या प्रत्येकाला हेच ऐकवायचे. लोक मान डोलवायचे आणि चिकटायचे.

"वळणाआधी ब्रेक. वळणात नाही. रस्त्यावर पसरलेल्या काडावर तर मुळीच नाही."

"हे तुम्ही सांगताय?"

"मग कोण सांगणार? अनुभवी माणूस बोलतोय."

ते हसतात आणि मला रडू येतं. ओढ्याच्या वळणावर स्वतःच पसरलेल्या हरभऱ्यावरून स्वतःच घसरले, आणि मालाची कड धरायला स्वतःच मांडलेल्या दगडावर डोकं आपटलं. शिव्या द्यायलासुद्धा दुसरा माणूस ठेवला नाही. आमच्याकडे खळं कुणी करत नाही आता. सरकारनं एवढं लांबलचक डांबरी खळं बांधून दिलंय. माल पसरायचा, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या मळणी करून देतात. मयतीला सगळ्यांत मोठ्यानं रडली ती माझी धाकटी जाऊ. तेरावा उरकला, आणि त्याच वळणावर तिच्या घरचा गहू पसरलेला. गळा किती मोठा आणि आठवण किती लहान, हे मी माणसागणिक ओळखून आहे.

आता रस्ता आमच्या स्वयंपाकघरातून जातो आहे. चुलीपासून फडताळापर्यंत हरभरा पसरलाय, कोंबड्या टिपतायत. गाडी हळू होते.

"पोरगी रोज तुमच्या गाडीवर तिथूनच जाते," मी म्हणते. "येताना मावळतीचं ऊन थेट डोळ्यांवर. काड दिसत नाही. एकदा येऊन तिला सांगा."

"माझं तिनं कधी ऐकलं?"

"मग भाऊजींना सांगा. रस्त्यावर टाकू नका म्हणावं."

"जाऊन आलो त्याच्या स्वप्नात. म्हणाला, दादा, मळणीयंत्र पुढच्या आठवड्यात येणार, तोवर अवकाळी आला तर? वर मलाच म्हणाला, आलाच आहेस तर दोन फेऱ्या मारून जा मालावरून."

भाऊजी असंच बोलणार. मेलेल्याकडूनही काम काढून घेतील.

तेव्हा कुठे माझं लक्ष जातं. यांच्या डोक्यावर हेल्मेट आहे.

"हे कुठलं?"

"आपलंच. खुंटीवरचं."

"त्यात लसूण होता!"

"कागदावर काढून ठेवलाय. पाकळी सांडली नाही."

"उभ्या जन्मात घातलं नाही, आणि आता? आता काय राहिलंय फुटायचं? आणा इकडे. पोरीला लागेल."

ते काढतात. केसांत भुसा आहे. मी झाडायला हात पुढे करते तर मान मागे घेतात, शाळेतल्या पोरासारखी.

"घालेल ती?"

मी काय सांगू? दहादा सांगून झालंय. तिचं म्हणणं, त्याला लसणाचा वास येतो, केस चपटे होतात, आणि एवढ्याशा गावात कुठे लागतं. हे शेवटचं वाक्य तर यांचंच.

"तुमच्यावर गेलीय," मी म्हणते.

ते पुढे बघत राहतात. पुढे ओढा, वळण, कडेनं मांडलेले दगड, आणि मधे पिवळंधमक ऊन अंथरल्यासारखं काहीतरी.

"तू उतर इथं."

"मी नाही उतरत."

"उतर गं. तिला दे जा. लवकर."

पाय जमिनीला लागतात आणि ती ओसरीची फरशी असते.

गाडीचा आवाज मात्र थांबत नाही. देवळापलीकडे गेलाय, उताराला लागलाय.

"ऋते!" मी ओरडते. "ऋते, थांब!"

आत जाऊन बघते. चप्पल नाही, किल्ली नाही. जमिनीवर वर्तमानपत्राचा कागद, त्यावर लसणाचा नीट ढीग. खुंटी रिकामी.

दारात येऊन कान देते. वळणाआधी आवाज मंद व्हायला हवा. मंद होतो, की लांब जातो, इथून कळत नाही. मग नुसता पंखा ऐकू येतो.

हेल्मेट माझ्या हातात आहे. आतून अजून गरम.